धाकटीचं पिंप

आत्यांनी चहा पिता पिता नुसतं म्हटलं, "आज धाकटीचं पिंप उघडू या," आणि दादांचा कप बशीत असा आदळला की थोरलीनं आधी कपाकडे पाहिलं आणि मग दादांकडे.

"कशाला?" दादा म्हणाले.

"कशाला म्हणजे? पिंप उघडतात कशाला? आंघोळीला?"

"आत्या, थट्टा नको. ते पिंप बाद आहे. मी तेव्हाच खडूनं फुली मारलीय त्याच्यावर. सरळ मोठ्या टाकीत ओतायचं, साध्या मालात मिसळून जाईल. चाखायबिखायची काही गरज नाही."

"फुली तुझी, नाक माझं," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

धाकटी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून पावाला लोणी लावत होती. तिनं वळून पाहिलं नाही. लोणी लावून झालेल्या पावाला तिनं पुन्हा लोणी लावलं, आणि ते ध्यानात आल्यावर तो पाव गुपचूप स्वतःच्या बशीत ठेवला.

या घरात ब्रँडी तीन पिढ्यांपासून होत होती आणि तेवढीच जुनी एक रीत होती. घरात सून आली की त्या वर्षीची सगळ्यात चांगली ब्रँडी एका नव्या पिंपात भरायची आणि ते पिंप तिच्या नावानं तळघरात मुरत ठेवायचं. कधी उघडायचं ते चाखणाऱ्यानं ठरवायचं, आणि या घराच्या चाखणाऱ्या म्हणजे आत्या. सासूबाईंचं, म्हणजे माईंचं पिंप उघडलं त्याला जमाना झाला, तरी त्या चवीचा विषय अजून जेवताना निघायचा. थोरलीचं, म्हणजे दादांच्या बायकोचं पिंप उघडलं तेव्हा ती लाजली होती म्हणे, आणि थोरलीला लाजताना त्याआधी आणि त्यानंतर कुणी पाहिलेलं नव्हतं. धाकटीचं पिंप तेवढं राहिलं होतं. तळघराची भिंत जिथे वळते तिथे, सगळ्यांच्या मागे, फुली कपाळावर घेऊन. धाकटी वीस-बावीस वर्षं त्या कोपऱ्याकडे फिरकली नव्हती. तिकडून काही आणायचं झालं तर ती बाटल्या धुण्याच्या खोलीला वळसा घालून जायची, आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, तेवढेच पाय मोकळे होतात.

कारण ते पिंप तिच्या बाबांनी बांधलं होतं.

बाबा पिंपं बांधायचे. या घराची निम्मी पिंपं त्यांच्याच दुकानातली. लग्न जमलं तेही त्यापायीच. या घरचा धाकटा मुलगा, दादांचा भाऊ, पिंपं आणायला म्हणून जायचा, आणि पुढे पुढे पिंपांपेक्षा फेऱ्या जास्त व्हायला लागल्या तेव्हा आत्यांनी विचारलं होतं, "अरे, दुकानात पिंपाखेरीज आणखी काय आहे?" लग्नाचं पिंप बाबांनी कुणाची मदत न घेता बांधलं, एका पैशाला हात लावला नाही, आणि स्वतः गाडीवर बसून पोचतं केलं.

ते भरलं, मुरायला लागलं, आणि तीनेक वर्षांनी दादांच्या नजरेला आलं की एक फळी वेगळी आहे. सगळ्या फळ्या ओकच्या, आणि मधेच एकीचा रंग निराळा, रेघा निराळ्या. त्या सुमाराला चांगल्या लाकडाची टंचाई होती. कारागीर हलक्या फळ्या खपवताहेत अशी बोंब होतीच. दादांनी बाबांना बोलावून घेतलं आणि अंगणात, कामाच्या माणसांदेखत विचारलं, "ही फळी कुठली?"

बाबा म्हणाले, "मुरू द्या. मग विचारा."

"मी आता विचारतोय."

"मग आता उत्तर नाही," बाबा म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते दारातूनच परत गेले. आत त्यांच्यासाठी चहा ओतलेला होता. तो धाकटीनंच ओतला होता.

पुन्हा ते या घरात आले नाहीत. नातवंडांना बागेत भेटायचे, धाकटीला दवाखान्यात भेटले, आणि एका हिवाळ्यात गेले. फळीबद्दल तिनं त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही तिचं, कारण त्यांनी मान खाली घातली असती तर? आपला बाप लबाड निघाला असता तर ती या घरात कोणत्या तोंडानं वावरणार होती? नाही विचारलं तोवर निदान अर्धी आशा होती. आज आत्या ती अर्धी आशा उघडून बघणार होत्या.

*

दुपारची कामं आवरली तशी मंडळी तळघरात उतरली. आत्या पुढे, एका हाताने कठडा धरून. मागे दादा. थोरली शाल लपेटून, कारण तिला तळघरात कायम थंडी वाजायची आणि वर आल्यावर कायम उकडायचं. दादांची लेक बिट्टी हातात पेल्यांची पेटी घेऊन. ती नुकतीच चव-पारख शिकून, प्रमाणपत्र मिळवून आली होती आणि कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारावं म्हणून उतावीळ झाली होती. शेवटी धाकटी आणि तिचा नवरा. तो भट्टी सांभाळायचा, त्यामुळे त्याच्या अंगाला सतत गरम तांब्याचा वास यायचा आणि तो बोलायचा कमी.

पायऱ्यांवर त्यानं हळूच तिचं कोपर धरलं. "घाबरलीस?"

"नाही."

"मी घाबरलोय," तो म्हणाला. त्यावर तिला हसू आलं, आणि लगेच राग पण आला. त्या दिवशी अंगणात हाच माणूस भट्टीच्या दारात उभा होता आणि एक शब्द बोलला नव्हता. आवडतो म्हणून माणसावरचा राग जातो असं थोडंच आहे.

तळघरात नेहमीचा वास होता. ओलसर दगड, जुनं लाकूड, आणि पिंपांच्या अंगातून सुटून हवेत मिसळलेली ब्रँडी. दरवर्षी प्रत्येक पिंपातून थोडी अशीच उडून जाते, त्याला घरात हवेचा वाटा म्हणत. थोरलं टेबल मधोमध होतं. बिट्टीनं पेले मांडले, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते, म्हणजे वास आत कोंडून राहतो.

"मी आधी सांगते हं," बिट्टी म्हणाली, "आम्हांला शिकवलंय त्याप्रमाणे व्हॅनिला, टॉफी, सुकामेवा, चामडं असे गट करायचे आणि—"

"गट राहू देत तुझ्या शाळेत," आत्या म्हणाल्या. "इथे घरच्या भाषेत सांगायचं."

कारण या घराची चाखायची भाषाच वेगळी होती. आजोबांनी ती सुरू केली म्हणतात. त्यात व्हॅनिला नव्हता आणि टॉफी नव्हती. गच्ची होती. गच्ची म्हणजे ऊन खाऊन सुकलेल्या फळांचा गोड, गरम वास. माई होत्या. माई म्हणजे त्यांचं कपडे ठेवायचं कपाट, लवंग आणि साबणाच्या वडीचा घडीत बसलेला वास. काका म्हणजे घशाशी येणारी मिऱ्याची झणझण, कारण मोठे काका सारखे खोकायचे. आणि बोळ. बोळ म्हणजे घरामागची ओल, बुरशी. ज्या पिंपात बोळ निघाला ते बाद. चव जिभेवर आली की म्हणायचं 'आली', रेंगाळली की 'बसली', आणि चटकन विरली की 'दारातूनच परत गेली'. "आधी गच्ची आली, मागून माई येऊन बसल्या, आणि निघता निघता काका खोकून गेले," असं आत्या म्हणाल्या की घरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं की ब्रँडी झक्क जमलीय.

धाकटी ही भाषा शिकली होती, आता ती आत्यांच्या खालोखाल ती बोलायची. पण त्यात तिचा स्वतःचा एकही शब्द नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा चाखायला बसली तेव्हा ती म्हणाली होती, "हे आमच्या दुकानातल्या भुशासारखं लागतंय." दादा हसून म्हणाले होते, "दुकान नाही हं इथे. इथे गच्ची असते." वाईट हेतू नव्हता त्यांचा. दादांचा हेतू कधीच वाईट नसायचा. धाकटीच्या बाळंतपणात रात्रंदिवस गाडी दाराशी जुंपल्यासारखी उभी ठेवणारे तेच होते, आणि आजही तिच्या हातचाच चहा त्यांना लागायचा. पण मालाच्या बाबतीत माणूस लोखंडाचा. एकदा फुली म्हणजे फुली.

"दिवा इकडे धर," आत्या म्हणाल्या, आणि सगळे कोपऱ्यात गेले.

किती वर्षांनी तिनं ते पिंप पाहिलं! तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान होतं. लोखंडी पट्ट्यांना गंज धरला होता, आणि फुली अजून शाबूत होती. वेगळी फळी मात्र तिला सापडेना. इतक्या वर्षांत सगळ्याच फळ्या काळ्या पडल्या होत्या.

आत्यांनी पिंपाला बोटाच्या पेरानं टकटक केली, वरून खाली, दारावर करावी तशी. "हवेचा वाटा बराच गेलाय. पण आत आहे अजून."

"आत्या, शेवटचं सांगतो," दादा म्हणाले. "दुसरं लाकूड लागलेलं पिंप आपल्या नावानं बाहेर जाणार नाही. चव कशीही असू दे. उद्या लोक म्हणतील, यांच्याकडे काहीही चालतं. मग चाखायचंच कशाला? उगाच धाकटीच्या जिवाला त्रास."

"माझ्या जिवाचं मी बघेन, दादा," धाकटी म्हणाली. तिला स्वतःलाच तिचा आवाज मोठा वाटला.

"मी तुझ्याचसाठी म्हणतोय, धाकटे."

"तेच तर," मधेच थोरली म्हणाली, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण थोरली दादांच्या शब्दापुढे सहसा जायची नाही. "तुम्ही तिच्यासाठी म्हणता, आणि तिला कुणी विचारत नाही. माझं पिंप चाखलं तेव्हा मला सगळ्यांनी विचारलं होतं. हिलाही विचारा की."

"तूसुद्धा?" दादा म्हणाले.

"मीसुद्धा. आणि जरा लवकर उरका, पाय गारठले माझे."

धाकटीच्या नवऱ्यानं घसा खाकरला. "दादा, त्या दिवशी मी गप्प बसलो. आज नाही बसत. आधी चाखायचं, मग काय ओतायचं ते ओत." एवढं बोलून तो बूच उपसायला वाकला, त्यामुळे त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही. धाकटीनं मात्र त्याची मान लाल झालेली पाहिली, आणि तिच्या मनातली एक जुनी गाठ, अगदी सुटली नाही, पण सैल पडली.

बूच निघालं तसा श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. लांब काचेची नळी आत गेली, वर आली, आणि बिट्टी "अगं बाई!" म्हणाली. दिव्यासमोर धरलेल्या नळीत ब्रँडी गडद मधाच्या रंगाची होती, आणि कडेला, जिथे ती पातळ होत होती, तिथे पिवळी झाक होती. तशी झाक या घराच्या कोणत्याच ब्रँडीला नव्हती.

"बघ," दादा म्हणाले. "रंगच सांगतोय."

"रंगाला जीभ नसते," आत्या म्हणाल्या. टेबलाशी येऊन त्यांनी पहिला पेला भरला आणि तो धाकटीपुढे सरकवला.

"आत्या! पहिला घोट चाखणाऱ्याचा. आजवर कधी—"

"आजवर मी कधी तुला विचारलं नाही, दादा, आजही विचारत नाहीये. घे गं."

धाकटीनं पेला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. ऊब लागू दिली. घाई करायची नाही, हे आत्यांनीच शिकवलेलं. आधी पेला छातीशी धरायचा आणि वास आपणहून वर येईल तेवढाच घ्यायचा. गच्ची आली. भर उन्हातली, भरगच्च. तिचा जीव जरा भांड्यात पडला. मग पेला हनुवटीशी. माई आल्या, लवंगीसकट. बोळ नव्हता. ती पुन्हा पुन्हा शोधत राहिली, पण ओल नव्हती, बुरशी नव्हती. देवा, बोळ नाही. तिला तिथेच रडू कोसळलं असतं.

मग तिनं एक घोट तोंडात घेतला आणि जिभेवर तसाच राहू दिला. आधी नुसती आग. मग आग विझून गोडवा. मग माई बसल्या. आणि त्यांच्या मागून, सगळे येऊन गेल्यावर, आणखी काहीतरी आलं. मधासारखं म्हणावं तर त्याला हिरवट कड होती. ताज्या कापलेल्या लाकडासारखं म्हणावं तर ते गोड होतं. तोंडाच्या आत, टाळूला, किंचित आंबट काहीतरी चिकटून राहिलं. घोट गिळला तरी ते गेलं नाही.

"काय आलं?" आत्यांनी विचारलं.

"गच्ची. माई." धाकटी थांबली. "आणि एक... नाव नाही त्याला."

"नाव नाही म्हणजे?" दादांनी पेला उचलला. आत्यांनी सगळ्यांना भरून दिली. बिट्टीनं हुंगलं, चाखलं, डोळे मिटले, उघडले, आणि तिचं प्रमाणपत्र गळून पडल्यासारखा तिचा चेहरा झाला. "मध... नाही. ओलं गवत... नाही. थांबा, मला येतंय." तिला आलं नाही. थोरली म्हणाली, "मला नाही बाई कळत, पण मला आणखी थोडी द्या." धाकटीचा नवरा दुसऱ्यांदा हुंगत होता.

दादा मात्र इमानदारीनं चाखत होते. तो त्यांचा स्वभाव होता. रागातही खोटं चाखायचे नाहीत. तळव्यावर एक थेंब टाकून त्यांनी चोळला, हात नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"बोळ नाही," ते शेवटी म्हणाले. ते शब्द त्यांना जड गेले, पण ते बोलले. "खराब नाहीये. उलट... पण हे आपलं नाही. आपल्या घरात असा वास कुठेच नाही."

"नाहीच," धाकटी म्हणाली.

ती पेल्यात पाहत होती. हे तिनं कधीतरी प्यायलेलं नव्हतं, खाल्लेलं होतं. नाही, खाल्लंही नव्हतं, ती त्यात बसली होती. फांदीवर. पाय खाली सोडून, ओठ जांभळे, फ्रॉक जांभळा, आणि खाली रंध्याचा आवाज थांबवून बाबा ओरडत होते, "उतर आधी! फांदी मोडली तर तुझ्या आईला मी काय सांगू?" तोंडात तुती, नाकात खालून येणारा लाकडाच्या भुशाचा वास, आणि सालीचा चीक हाताला. सगळं एकदम आलं, आणि तिनं टेबलाची कड धरली.

"तुती आहे ही," ती म्हणाली.

"फळ घातलंय आत?" बिट्टीनं विचारलं.

"फळ नाही. झाड. आमच्या दुकानाच्या अंगणातलं. वादळात पडलं, मी शाळेत असताना. बाबांनी त्याच्या फळ्या कापून पत्र्याखाली रचल्या होत्या, मधे काड्या घालून, हवा खेळती राहावी म्हणून. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्हांला वाटायचं टेबल करणार आहेत." तिनं दादांकडे वळून पाहिलं. "दादा, ती फळी हलक्या लाकडाची नव्हती. ती तुतीची आहे."

दादा तिच्याकडे पाहत राहिले. "तुतीचं लाकूड पिंपाला? कुणी ऐकलंय का असलं काही? तुला वडलांनी सांगितलं असणार."

"मी त्यांना कधी विचारलंच नाही!"

एवढ्यात धाकटीचा नवरा खिशातला चाकू काढून पिंपाशी गेला. गुडघ्यावर बसून त्यानं एकेक फळी दिव्याच्या उजेडात बघितली, बोटांनी चाचपली, आणि एका फळीवरचा काळा थर हलक्या हाताने खरवडला. नखाएवढाच. खाली पिवळंधमक लाकूड होतं.

"दादा, ये. बघ," तो म्हणाला.

दादा गेले. वाकले. त्या पिवळ्या खुणेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"आता मी बोलू?" आत्यांनी विचारलं. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, पेला मांडीवर. "पिंप पोचतं केलं त्या दिवशी व्याही मला बाजूला घेऊन म्हणाले होते, बाई, एक फळी आमच्या अंगणातल्या झाडाची लावलीय. बाकी सगळ्या तुमच्या ओकच्या. पोरगी तुमच्या घरात एकटी येतेय, तिच्या सोबतीला आमच्याकडचं एवढं असू द्या. दुसरी लावली नाही, तुमची चव मरेल म्हणून. उघडाल तेव्हा पहिला घोट तिला द्या. तिला कळेल."

थोरलीनं शालीचं टोक तोंडाशी धरलं.

"तुम्हांला माहीत होतं?" धाकटी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून? आणि अंगणात त्यांना... आत्या, ते चहा न घेता गेले! मी इतकी वर्षं त्यांना मनातल्या मनात... मी त्यांच्या मरणाच्या वेळीसुद्धा विचारलं नाही हो! आणि तुम्ही गप्प?"

"गप्प," आत्या म्हणाल्या. त्यांनी डोळे चुकवले नाहीत. "अंगणातून ते निघाले तेव्हा मी मागे धावले होते. म्हटलं, सांगून टाकते. ते म्हणाले, सांगू नका. चाखणाऱ्याला आधी सांगितलं की तो चवीत तेच शोधतो, आणि नसलं तरी त्याला सापडतं. हे तुम्हीच मला शिकवलंत ना, बाई? पोरीला न सांगता सापडलं तरच ते खरं. आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी सांगितलं असतं तर दादानं लाज राखायला मान्य केलं असतं, आणि आतून मानलं नसतं. तूही मानलं नसतंस. तुला बापाची बाजू घेतल्यासारखं वाटलं असतं." त्यांनी मांडीवरचा पेला सरळ केला. "तरी तू रागाव. हक्क आहे तुझा. मला वाटलं होतं, पाच-सहा वर्षांत मुरेल, उघडू, होईल निर्णय. दरवर्षी थेंबभर काढून बघायचे. ओक पुढे, तुती मागे. वर येईच ना. ते गेले तेव्हा मी इथे येऊन या पिंपाला शिव्या दिल्यात. या हिवाळ्यात ती वर आली."

धाकटीला रागावायचं होतं. ती रागावलीही. आत्यांच्या गुडघ्याशी बसून तिनं त्यांच्या मांडीवर मूठ आपटली, एकदा, दोनदा, आणि मग तिथेच डोकं टेकून ढसाढसा रडली. आत्या तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या आणि म्हणत राहिल्या, "हो गं. हो. चुकलंच माझं थोडं. हो." त्याही रडत होत्या, आणि त्यांचा पेला कलंडून थोडी ब्रँडी सांडली. "ती पुसू नका रे," त्या नाक ओढत म्हणाल्या, "वास राहू दे." त्यावर थोरलीला रडता रडता हसू फुटलं.

दादा अजून पिंपाशीच उभे होते. त्यांच्या पाठीकडे बघून काही कळत नव्हतं. मग त्यांनी सदऱ्याची बाही मनगटावर ओढली आणि फुली पुसायला घेतली. खडू जुना होता, सहज निघेना. त्यांनी थुंकी लावली, घासली, पुन्हा लावली. इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा अंगात असला की टेबलाला हात न टेकवणारा माणूस! बिट्टी फडकं घेऊन पुढे झाली, तर थोरलीनं तिला हातानंच मागे ओढलं.

फुली गेली तसे ते टेबलाशी आले. धाकटीच्या समोरची खुर्ची ओढून बसले. ती डोळे पुसत उठून आपल्या जागेवर बसली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

"त्या झाडाच्या आणखी फळ्या आहेत?" त्यांनी पेल्याला विचारलं.

"असतील. दुकान बंद आहे, पण माळ्यावर तशाच असतील. भावाकडे किल्ली आहे."

"मी येतो मागायला. माणूस पाठवणार नाही. मी येतो." ते घुटमळले. "तुझ्या भावानं दारातून परत पाठवलं तरी चालेल."

"नाही पाठवणार. चहा देईल."

"मी घेईन," दादा म्हणाले. "धाकटे, मी त्यांना चारचौघांत बोललो. ते नको होतं. विचारायचं होतं तर घरात बसवून विचारायचं होतं. आता कुणाला सांगू?"

तिला पटकन म्हणता आलं नाही की जाऊ द्या. तिनं म्हटलंही नाही. तिनं नळी उचलली आणि त्यांच्या पेल्यात आणखी थोडी ब्रँडी ओतली, मग आपल्या पेल्यात.

"नीट चाखा," ती म्हणाली. "मघाशी तुम्ही रागात चाखलीत."

दादांनी पेला ओंजळीत धरला. या वेळी त्यांनी बराच वेळ ऊब दिली. हुंगलं. घोट घेतला आणि डोळे मिटले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"गच्ची आली," दादा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "माई आल्या. बसल्या." मग पुन्हा ते थांबले. मिटल्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आणि आता व्याही आले," ते म्हणाले.

धाकटीनं ओठ घट्ट मिटले. पण विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"बसले का?"

दादांनी मान डोलावली, डोळे न उघडताच.

"बसले. उठायचं नावच घेत नाहीत."